किल्ल्यांचीं चित्रें आणि सैनिकांची पेन्सिल

आजच्या जालना जिल्ह्यांतील असई येथें ता. २३ सप्टेंबर १८०३ रोजीं शिंदे व नागपूरकर भोसले यांच्या सैन्याशीं आर्थर वेलस्ली याची लढाई झाली. केळना नदीच्या दोन तीरांवर समोरासमोर दोन गांवें दिसतांच येथें उतार असलाच पाहिजे, असें वेलस्लीनें ताडलें, आणि तेथूनच फौज पार नेली. जमीन अशी वाचतां येणें हें त्या काळीं सेनापतीचें मोठें शस्त्र होतें. म्हणूनच वुलविचच्या लष्करी विद्यालयांत पॉल सँडबी हा नामांकित चित्रकार १७६८ पासून चित्रकला शिकवी. हेतु रसिकतेचा नव्हता. डोंगर, नदी व तट अधिकाऱ्यास बिनचूक टिपतां यावे, एवढाच होता.

परंतु त्याच पिढीवर दुसराही एक संस्कार झाला होता. एडमंड बर्क यानें १७५७ सालीं भय व भव्यता यांचें नातें उलगडून दाखविलें. पुढें तुटलेले कडे, पडके बुरूज व दाटलेले ढग यांची विलायतेंत आवड वाढली. दख्खनेंत आलेल्या अधिकाऱ्याच्या एकाच पेन्सिलींत अशा रीतीनें मोजणी आणि मोह एकत्र आले.

ह्या रुचीला दौलताबादेहून योग्य स्थळ कोणतें? सुमारें सहाशें फूट उंचीचा डोंगर, भिंतीसारखे तासलेले कडे, पायथ्याशीं खडकांत खोदलेला खंदक! कॅप्टन रॉबर्ट ग्रिंडले यानें १८२६ पासून लंडनांत प्रसिद्ध केलेल्या पश्चिम हिंदुस्थानच्या चित्रसंग्रहांत हा किल्ला आहे. उलट जालन्याचा १७२५ त काबिलखानानें बांधलेला किल्ला सपाटीवरचा. त्याला ना कडा, ना दरी. इतिहास दोन्हींना आहे, पण असल्या चित्राला लागणारें भय एकालाच लाभलें.

चित्रांतील भग्नतेकडेही जरा थांबून पाहावें. पेशवाई बुडाल्यावर १८१८ च्या सुमारास इंग्रजांनीं सह्याद्रीवरील अनेक किल्ल्यांचे दरवाजे, पायऱ्या व तट सुरुंगानें उडविले. पुढें अशा किल्ल्यांचीं चित्रें पाहून विलायतेंतील रसिक काळाच्या महिम्यानें हळहळले. परंतु तें काम पुष्कळ अंशीं काळाचें नव्हतें, दारूचें होतें.

म्हणून हीं चित्रें टाकाऊ ठरत नाहींत. छायाचित्राची कला येण्यापूर्वीच्या तटबुरुजांची हीच मोठी साक्ष आहे. मात्र साक्ष घेतांना वाट, खंदक, दरवाजा या रेघांवर भर द्यावा. त्या सैनिकानें काढलेल्या असतात; वरचे ढग बहुधा रसिकाचे असतात.