कंपनी गेली, मोटार राहिली

मोटार घेताना माणूस रंग बघतो, तेलाचा खर्च विचारतो, हप्ता किती बसेल याचा हिशेब मांडतो. विकणारा दहा वर्षांनी इथे असेल का, हे मात्र क्वचितच कोणी विचारतो. शेतकऱ्याला खरे तर हा प्रश्न नवा नाही. लोखंडी नांगराचा फाळ झिजणारच. तो बदलून मिळाला नाही तर नांगर गोठ्याच्या भिंतीला टेकून राहायचा. मोटारीचेही तसेच, फक्त तिच्यात असे फाळ शेकड्यांनी असतात.

जनरल मोटर्स आणि फोर्ड या दोन अमेरिकन कंपन्यांची गोष्ट याबाबत ऐकण्यासारखी आहे, कारण त्या आपल्याकडून एकदा नव्हे, दोनदा गेल्या. जनरल मोटर्सने १९२८ साली मुंबईत कारखाना काढला, मागोमाग फोर्डही आली. भाग परदेशातून पेट्यांत भरून यायचे, इथे नुसती जुळणी व्हायची. स्वातंत्र्यानंतर सरकारने विचारले, भाग इथे कधी बनवणार? जे टप्प्याटप्प्याने इथेच उत्पादन करणार नाहीत त्यांनी काम आवरावे, अशी शिफारस टॅरिफ कमिशनने १९५३ साली केली, आणि दोघींनी गाशा गुंडाळला. धोरण योग्यच होते, असे मला वाटते. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली काढलेल्या प्रीमिअर ऑटोमोबाइल्सला त्यामुळे वाव मिळाला. सांगलीचे अभियांत्रिकी महाविद्यालय ज्यांच्या नावाने चालते, तेच हे वालचंद. पण शिक्षकबंधूंनी स्वदेशीचा हा धडा सांगताना, ज्यांच्या दारात आधीच फोर्ड किंवा शेवरोले उभी होती त्यांचे काय झाले, हेही मुलांना विचारावे.

१९४८ साली एस. टी. सुरू झाली, तेव्हा तिच्या ताफ्यात बेडफर्डबरोबर शेवरोले आणि फोर्डही होत्या. एस. टी.ने दापोडीला स्वतःचा कारखाना उभारला. एकट्या गाडीवाल्याला असे कुठून जमणार? त्याला तारले ते मिस्त्रीने. त्या गाड्यांत डोळ्यांना दिसणार नाही असे फारसे काही नव्हते. कार्ब्युरेटर उघडून साफ करावा, पॉइंट घासावेत, बुश झिजला तर कोल्हापूरच्या लेथवर नवा करून आणावा. वालचंदांच्या कंपनीची पद्मिनी तर उत्पादन थांबल्यावरही मुंबईत टॅक्सी म्हणून थेट २०२३ पर्यंत धावली.

पुढे १९९१ नंतर दारे उघडली आणि दोघी परत आल्या. जनरल मोटर्सने २००८ साली पुण्याजवळ तळेगावला कारखाना सुरू केला. तिची टवेरा वडापवाल्यांच्याही उपयोगी पडली. मग मे २०१७ मध्ये कंपनीने जाहीर केले, की वर्षअखेर भारतातली विक्री बंद. सप्टेंबर २०२१ मध्ये फोर्डने इथले उत्पादन थांबवत असल्याचे सांगितले. त्या वेळी तिचे देशभर सुमारे १७० विक्रेते होते, असे विक्रेत्यांच्या महासंघाचे म्हणणे होते. दोघींनीही सुटे भाग आणि दुरुस्ती पुरवत राहण्याचे वचन दिले. पण वचन कागदावर असले तरी गाडी जत-आटपाडीत किंवा म्हसवडला असते. जवळचे दुकान उठले की एका सेन्सरसाठी कोल्हापूर नाही तर पुणे गाठायचे, दिवस मोडायचा, वडाप असेल तर त्या दिवसाची कमाईही गेली. शिवाय गाडी विकायला काढली की गिऱ्हाईक आधी विचारते, ‘सामान मिळतं का हो हिचं?’ आणि तिथेच किंमत उतरते.

१९५४ आणि २०१७ यांतला फरक इथे आहे. आता इंजिनाला संगणक आहे, किल्लीलासुद्धा खूण ओळखावी लागते. मिस्त्री तोच, हातही तोच. पण दिवा का पेटला हे सांगणारे यंत्र त्याच्याकडे नसेल तर तो काय करणार? अशी यंत्रे बाजारात मिळतात म्हणा, आणि बंद पडलेल्या दुकानांतले कारागीर स्वतःचे गॅरेजही थाटतात. त्यांचा पत्ता ठेवावा.

एक गैरसमज मात्र काढला पाहिजे. दुकान बंद झाले म्हणजे वॉरंटी संपली, असे नव्हे. गाडीची वॉरंटी उत्पादकाने दिलेली असते. बिल, सर्व्हिसचे पुस्तक आणि भरलेल्या पैशांच्या पावत्या जपून ठेवाव्यात. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे, आणि तिथे निभावले नाही तर जिल्हा ग्राहक आयोगाचे दार आहे. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने दुरुस्तीच्या हक्कासाठी एक संकेतस्थळ उघडले. शेतीची अवजारे आणि मोटारी दोन्ही त्यात आहेत. ट्रॅक्टरवाल्यांनीही ते एकदा गावातल्या शिकलेल्या मुलाकडून पाहून घ्यावे.