आज्ञापंक्तीचा मायना

जुन्या मराठी पत्रव्यवहाराच्या अभ्यासकास मायन्याचे महत्त्व सांगावयास नको. पत्र कोणी कोणास लिहिले व उभयतांत श्रेष्ठ कोण, हे मजकुरास हात घालण्यापूर्वीच त्यावरून कळते. संगणकास टंकलिखित आज्ञा देताना प्रत्येक ओळीच्या आरंभी जे चिन्ह उमटते, ज्यास प्रॉम्प्ट म्हणतात, त्याचा इतिहास मायन्याच्या अंगाने वाचावा असे मला वाटते.

युनिक्स प्रणालीचा आरंभ अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत १९६९ मध्ये झाला. आज्ञा वाचून ती पार पाडणारी तिची पहिली शेल केन टॉम्पसन यांची. १९७५ च्या सहाव्या आवृत्तीत ही शेल सामान्य माणसापुढे शेकड्याचे चिन्ह मांडी आणि सर्वाधिकाऱ्यापुढे हॅशचे. स्थळ नाही, काळ नाही. या चिन्हाने प्रथम सांगितला तो अधिकार! १९७९ च्या सातव्या आवृत्तीत स्टीफन बोर्न यांच्या शेलने हे चिन्ह 'पीएस-१' नामक चलात ठेवले. त्याचे मूळ मूल्य डॉलरचे चिन्ह असले, तरी ते पालटण्याची मुभा वापरणाऱ्यास मिळाली. डॉसच्या १९८३ मधील दुसऱ्या आवृत्तीत उपनिर्देशिका आल्या, आणि आपण कोठे उभे आहो हे सांगण्याची गरज तेथेही उत्पन्न झाली. ब्रायन फॉक्स यांच्या १९८९ च्या बॅशमध्ये तिरप्या रेघेपुढे एकेक रोमन अक्षर लिहिले की पुरे: 'यू'ने नाव, 'एच'ने यंत्र, 'डब्ल्यू'ने निर्देशिका, 'टी'ने वेळ.

ही केवळ सजावट नव्हे, हे मी नुकसान सोसून शिकलो. वऱ्हाडीत 'ळ'चा 'य' होतो, 'डोळा'चा 'डोया' होतो; अशा शब्दांच्या अमरावती व अकोला येथील याद्या मी दोन निर्देशिकांत, पण एकाच नावाने ठेवल्या होत्या. पुढे नुसते डॉलरचे चिन्ह. अकोल्याची म्हणून दिलेली आज्ञा अमरावतीच्या निर्देशिकेत चालली आणि तेथील यादी पुसली गेली. प्रत नव्हती. काही निवेदक पुन्हा भेटले. सगळे भेटले नाहीत.

त्यानंतर निर्देशिकांना देवनागरी नावे देऊन ती प्रॉम्प्टमध्ये आणली, तो निराळीच अडचण उभी राहिली. 'अकोला' हा शब्द आपल्या लेखी तीन अक्षरांचा. युनिकोडमध्ये त्याचे पाच संकेतांक, कारण मात्रांना स्वतंत्र संकेतांक आहेत. 'अमरावती'ची अक्षरे पाच, संकेतांक सात. आज्ञापंक्तीचा पडदा मात्र सारख्या घरांनी आखलेला. शेलने मोजलेली घरे आणि पडद्यावर प्रत्यक्ष व्यापलेली घरे यांचा मेळ चुकला की लांब आज्ञा दुरुस्त करताना कर्सर भलत्याच जागी जातो. रंगाच्या संकेतांनीही हाच घोटाळा होतो. परंतु ते अदृश्य असल्याचे बॅशला चौकटी कंसांच्या खुणेने सांगता येते. मात्रा अदृश्य नाहीत, म्हणून तो उपाय येथे लागू पडत नाही. अक्षर म्हणजे काय, हा शिक्षाग्रंथांतील जुना प्रश्न अशा ठिकाणी पुन्हा भेटावा, याचे मला नवल वाटले.

तोडगा साधा निघाला. बॅश घरांचा हिशेब प्रॉम्प्टच्या शेवटच्या ओळीपुरताच धरते. म्हणून गावाचे नाव आणि वेळ वरच्या ओळीत ठेवून खालच्या ओळीत एकटे डॉलरचे चिन्ह ठेवले. मायना वर आणि मजकूर खाली, अशी ती मांडणी आता माझ्या पडद्यावर आहे.