मूत्रपरीक्षेची पहिली पायरी

मूत्राचें नांव निघतांच सभ्य मंडळी नाक मुरडतात. परंतु रोगनिदानाच्या इतिहासांत या उपेक्षित द्रवाचा मान मोठा आहे. वैद्यांनीं शतकानुशतकें त्याचा रंग, वास, गढूळपणा, इतकेंच काय पण चवहि पाहिली. मात्र परीक्षकाच्या विद्वत्तेइतकेंच महत्त्व नमुना केव्हां, कसा व कशांत धरला यालाहि आहे, हें फार थोड्यांच्या ध्यानांत आलें.

त्या थोड्यांत ‘योगरत्नाकर’ हा सतराव्या-अठराव्या शतकांतील संस्कृत ग्रंथ मोडतो. पुण्याच्या आनंदाश्रमानें तो छापून प्रसिद्ध केला आहे. रात्रीच्या चार घटका उरल्या असतां रोग्यास उठवावें, पहिली धार सोडून मधली धार काचपात्रांत धरावी आणि सूर्योदयीं तिची परीक्षा करावी, असा त्यांतील विधि आहे. घटका म्हणजे २४ मिनिटें. तेव्हां मूत्र धरणें व पाहणें यांत सुमारें दीड तास जाई. पुढें त्यावर तेलाचा थेंब सोडून रोग साध्य कीं असाध्य हें ठरवीत. आधुनिक प्रयोगशाळेनें तो थेंब स्वीकारला नाहीं. पण मूत्र धरण्याची रीत मात्र आजच्या रीतीशीं जुळते. इराणांतील जुर्जानच्या इस्माइल या वैद्यानेंहि बाराव्या शतकांत सांगून ठेवलें कीं, चोवीस तासांचें मूत्र स्वच्छ पात्रांत जमवावें व तें ऊन आणि उष्णता यांपासून दूर ठेवावें.

युरोपांत हा विवेक सुटला. नोकरानें करंडींतून कुपी न्यावी आणि रोग्याचें तोंडहि न पाहतां वैद्यानें निदान सांगावें, असा प्रघात पडला. सन १६३७ मध्यें लंडनांत टॉमस ब्रायन यानें अशा ‘मूत्रज्योतिषां’वर कडक टीकेचें पुस्तकच लिहिलें.

मूत्र नासतें कां, याचा उलगडा १८६० च्या सुमारास पाश्चर यानें केला. हंसाच्या मानेसारख्या नळीच्या कुपींत उकळलेलें मूत्र टिकलें; बाहेरचे जंतु आंत शिरतांच तें नासलें. हे जंतु यूरियाचा अमोनिया करतात, साखर खातात, आणि अल्कधर्मी झालेल्या मूत्रांत पेशी विरघळतात. म्हणजे शिळ्या नमुन्यांत मधुमेह्याची साखर लपावी आणि निरोग्यावर जंतुदोषाचा आरोप यावा! सन १९५६ च्या सुमारास बोस्टनचे डॉक्टर एडवर्ड कॅस यांनीं एका मिलिलिटरांत एक लाख जंतु ही दोषाची खूण ठरविली. पण उबेंत राहिलेल्या बाटलींत तेवढे जंतु आपोआप वाढतात.

म्हणून आजचा नियम असा: स्वच्छता करून मधली धार निर्जंतुक डबींत घ्यावी व ती दोन तासांच्या आंत पोंचवावी. तें शक्य नसल्यास डबी शीतकपाटांत ठेवावी. तेथें नमुना साधारण चोवीस तास टिकतो. जंतुपरीक्षेसाठीं कांहीं ठिकाणीं बोरिक आम्ल घातलेली डबी देतात. चोवीस तासांच्या संचयांत सकाळचें पहिलें मूत्र टाकून द्यावयाचें व दुसऱ्या सकाळचें पहिलें मात्र धरावयाचें असतें. घरांतील औषधाची किंवा मधाची बाटली धुऊनहि वापरूं नये. तिच्या तळाशीं राहिलेली साखर भलत्याच माणसाच्या माथीं मधुमेह मारील. यंत्र कितीहि सूक्ष्म असलें तरी तें डबींत जें असेल तेंच सांगतें. त्या डबीची जबाबदारी प्रथम घराची आहे.