सघन कपाशीची कुळकथा

कपाशीच्या दोन तासांत, म्हणजे ओळींत, आणि एकाच तासातील दोन झाडांत किती अंतर राखावे, हा प्रश्न वरवर पाहता मोजपट्टीचा वाटतो. परंतु विदर्भात हे अंतर ज्या क्रमाने वाढत गेले आणि पुन्हा आटू लागले, तो क्रम ध्यानात घेतला तर त्यामागे जमिनीच्या मगदुराइतकाच, किंबहुना त्याहून अधिक, बियाण्याच्या किमतीचा हात दिसतो. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेने 2010 नंतर ज्या सघन लागवडीचा पुरस्कार केला, ती पद्धत, म्हणजे आटोपशीर बांध्याची झाडे दाट लावून थोडक्या दिवसांत पीक पदरात पाडून घेण्याची रीत, ब्राझील किंवा चीनकडून आली असे सर्रास सांगितले जाते. ते अर्धेच खरे आहे.

संकरित वाण येण्यापूर्वी नागपूर-वऱ्हाडात कपाशी दाटच पेरली जात असे. वखराच्या मागे पोकळ बांबूच्या नळ्या, म्हणजे सरते, बांधलेले असत आणि मागून चालणाऱ्या बाया त्यांतून सरकी सोडीत. सरकीवर उरलेल्या तंतूंमुळे बिया एकमेकींत गुंतून नळीत अडकतात, म्हणून ती आधी शेण-मातीच्या काल्यात घोळून सावलीत सुकवली जाई, आणि मगच ती दाण्यासारखी सुटी पडे. तासांत साधारण दीड फुटाचे अंतर असे, तासात मात्र बी सढळ हाताने पडे. दाटी फारच झाली तर विरळणी होई, एरवी झाडे खेटूनच वाढत. हा सढळपणा परवडत होता, कारण सरकी घरची किंवा जिनातली, आणि तिचा भाव किरकोळ होता. 1861 साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटल्यावर मँचेस्टरच्या गिरण्यांची नजर हिंगणघाटच्या कापसाकडे वळली, 1867 मध्ये रेल्वे नागपूरला पोहोचली, 1877 मध्ये जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली. या घडामोडींनी कापसाचा बाजार पालटला, पण सरत्याने सरकी पेरण्याची रीत त्यांनी मोडली नाही.

ती मोडली संकरित बियाण्याने. सुरतच्या संशोधन केंद्रात डॉ. सी. टी. पटेल यांनी विकसित केलेला ‘एच-4’ हा व्यापारी लागवडीचा पहिला संकरित कापूस 1970 मध्ये आला. संकरित बी तयार करताना मादी वाणाच्या प्रत्येक कळीतील पुंकेसर हाताने खुडावे लागतात आणि दुसऱ्या दिवशी नर वाणाचा पराग त्या फुलावर हातानेच फिरवावा लागतो. शिवाय त्या पिकाची सरकी पुढच्या वर्षी पेरली तर मूळ गुण टिकत नाहीत. असे महागडे बी सरत्यातून सोडणे शक्यच नव्हते. म्हणून शेतात उभ्या-आडव्या रेघा मारून त्यांच्या छेदावर, म्हणजे फुलीवर, एक-दोन बिया टोबण्याची चौफुली पद्धत रूढ झाली, आणि तिचा एक फायदा असा की डवरा, म्हणजे उभ्या पिकात तण काढणारे बैलांचे अवजार, दोन्ही दिशांनी फिरू शकतो. 90 बाय 60 सेंटिमीटर अंतरावर हेक्टरी जेमतेम साडेअठरा हजार झाडे बसतात. 2002 नंतर बोंडअळीला रोखणारे बीटी जनुकही संकरित वाणांतूनच बाजारात आले आणि 450 ग्रॅमचे पाकीट हेच एका एकराचे माप ठरले. जगातील इतर प्रमुख कापूसदेश सरळ वाण, म्हणजे ज्याचे बी पुन्हा पेरता येते असे वाण, लावत असताना भारताने मात्र जवळजवळ सगळे क्षेत्र संकरित कपाशीखाली आणले.

विरळ लागवडीत झाड ऐसपैस वाढते. त्याच्या बुंध्याकडून निघणाऱ्या गळफांद्या खोडासारख्याच वर जातात आणि त्यांच्यावरची बोंडे उशिरा धरतात. वरच्या फळफांद्यांवर, त्यातही खोडालगत, लागलेले बोंड मात्र लवकर भरते. खोल काळ्या, ओलिताच्या जमिनीत हा उशीर खपून जातो. विदर्भातील बहुतांश कपाशी कोरडवाहू आहे आणि बरड जमिनीतली ओल पाऊस ओसरताच उडते, तेव्हा उशिरा धरलेली बोंडे पोसली जात नाहीत. झाडे दाट असली की गळफांद्यांना वाव राहत नाही. प्रत्येक झाडावर मोजकी बोंडे येतात, पण ती एकाच सुमारास आणि ओल असेतोवर.

हेच सूत्र घेऊन नागपूरच्या संस्थेने ‘सूरज’, अकोल्याचा ‘पीकेव्ही 081’, नांदेडचा ‘एनएच 615’ अशा सरळ वाणांवर प्रयोग केले आणि 2012 च्या खरिपात ते विदर्भातील शेतकऱ्यांच्या शेतांवर नेले. 60 बाय 10 सेंटिमीटर अंतर धरले की हेक्टरी 1 लाख 66 हजार झाडे होतात. चीनच्या शिनच्यांग प्रांतातील बुटक्या, दाट, लवकर येणाऱ्या कपाशीचा आणि ब्राझीलमधील यंत्रशेतीचा दाखला या प्रयोगांना जरूर होता. तिथून घेण्याजोगी खरी नवी गोष्ट म्हणजे मेपिक्वाट क्लोराइड हे वाढरोधक, जे फवारल्याने दोन पेरांमधील अंतर कमी राहते आणि दाटीतही झाड माजत नाही. गुलाबी बोंडअळीने बीटीला दाद देणे सोडल्यावर या पद्धतीला आणखी एक बळ मिळाले, कारण पीक लवकर निघाले आणि फरदड, म्हणजे हंगामानंतर पाणी देऊन पुन्हा घेतलेला बहर, टाळली की अळीचे खाद्यच संपते.

2023 च्या खरिपात केंद्र सरकारचा विशेष प्रकल्प या संस्थेमार्फत आठ राज्यांत सुरू झाला, तेव्हा मात्र सघन लागवडीसाठी आटोपशीर बांध्याचे बीटी संकरित वाण पुढे आले. 90 बाय 15 सेंटिमीटरला हेक्टरी 74 हजार झाडे लागतात, म्हणजे चौफुलीच्या चौपट. पाकिटांचा खर्च त्या मानाने चढतो, आणि आडवी डवरणी बंद झाल्याने निंदणाची मजुरी किंवा तणनाशक अंगावर पडते ते वेगळेच. संस्थेने ‘सूरज’, ‘रजत’ यांसारख्या सरळ वाणांत बीटी जनुक उतरवून घरचे बी राखण्याची वाट मोकळी केली. पण ते जनुक पहिल्या पिढीतले, आणि गुलाबी बोंडअळी त्याला केव्हाच सरावली आहे.