विकास उभा आहे, पण जमीन कोणाची?

विकासदर वाढला की वर्तमानपत्रे टाळ्या वाजवतात. आपण मात्र विचारले पाहिजे की हा विकास ज्या जमिनीवर उभा राहिला, ती कोणाच्या मालकीची? कॅरिबियन समुद्रातील बार्बाडोस बेटाचा इतिहास या प्रश्नाचे रोखठोक उत्तर देतो. क्षेत्रफळ सुमारे ४३० चौरस किलोमीटर, लोकसंख्या तीन लाखांहून कमी.

१६२७ मध्ये इंग्रजांनी तेथे वसाहत केली. पुढे उसाचे मळे उभे राहिले आणि त्यांत राबवण्यासाठी आफ्रिकेतून माणसे गुलाम करून आणली गेली. १८३४ मध्ये कायद्याने गुलामगिरी संपली, तरी 'शिकाऊ मजूर' या नावाखाली वेठ १८३८ पर्यंत चालूच राहिली. ब्रिटिश सरकारने साम्राज्यभरातील गुलाममालकांना दोन कोटी पौंड भरपाई दिली. ज्यांच्या पाठीवर वळ होते, त्यांना ना पैसा मिळाला ना जमिनीचा तुकडा.

जवळजवळ सगळी जमीन मळेवाल्यांची. त्यामुळे 'मुक्त' मजूर मळ्याच्याच कडेला भाड्याच्या जागेवर राहिला. मालकाशी बिनसले की जागा सोडावी लागे. म्हणून त्याने पाया न खणता, दगडांवर टेकवलेले लाकडी घर बांधले. वेळ आली की ते सुटे करून दुसरीकडे न्यायचे. याला तिथे 'चॅटेल हाउस', म्हणजे जंगम मालमत्तेचे घर म्हणतात. आज पर्यटक या रंगीत घरांचे फोटो काढतात. ते भूमिहीनतेचे फोटो आहेत.

१९६१ मध्ये पश्चिम किनाऱ्यावर सँडी लेन हे आलिशान हॉटेल सुरू झाले. १९६६ मध्ये देश स्वतंत्र झाला. साखर मागे पडली, पर्यटन पुढे आले. हॉटेल, बंगले, रस्ते बांधायला निघाले की गवंडी, सुतार, ट्रकचालक यांना काम मिळते. बांधून झाले की पर्यटक परकीय चलन आणतात. विकासदर चढतो तो असा.

पण छोट्या बेटाला बांधकामाचे बरेचसे सामान आणि खाण्याचे पदार्थ बाहेरून आणावे लागतात. आलेल्या पैशाचा मोठा वाटा तसाच परत जातो. इमारत पूर्ण झाली की गवंड्याचे काम संपते. शिवाय सगळा डोलारा परक्याच्या खिशावर. २००८ च्या जागतिक मंदीनंतर, २००९ मध्ये एक मोठा आलिशान हॉटेल प्रकल्प अर्धवट थांबला. २०१८ मध्ये सरकारने परदेशी कर्जाची फेड थांबवली आणि आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचे दार ठोठावले. २०२० मध्ये कोरोना आला आणि पर्यटन कोसळले.

मग पर्यटन नकोच, असे म्हणायचे का? नाही. उसाच्या मळ्यात राबणाऱ्या आजोबापेक्षा हॉटेलात काम करणारा नातू नक्कीच बरा जगतो. पण हे हॉटेलवाल्यांच्या दयेने झाले नाही. १९३७ चा कामगारांचा उठाव, त्यानंतरच्या कामगार संघटना आणि १९५१ च्या निवडणुकीत आलेला प्रौढ मताधिकार यांनी ते घडवले. १९८० मध्ये तर कायदा करून मळ्यांवरील जुन्या भाडेकरूंना घराखालची जागा चौरस फुटाला दहा सेंट या दराने विकत घेण्याचा हक्क मिळाला. स्वातंत्र्यानंतर १४ वर्षांनी आणि गुलामगिरी संपल्यानंतर जवळजवळ दीडशे वर्षांनी पायाखालची जमीन आपली झाली! तोवर किनाऱ्यालगतच्या मोक्याच्या जागा हॉटेले आणि बंगल्यांनी व्यापल्या होत्या. समुद्रकिनारे कायद्याने सर्वांचे आहेत, पण तिथे पोचायची वाट अनेक ठिकाणी दोन हॉटेलांच्या भिंतींमधून जाते.

राजकारणात समता आणि सामाजिक-आर्थिक जीवनात विषमता, या विसंगतीचा इशारा बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत दिला होता. बार्बाडोसचा मजूरही त्याच विसंगतीत जगत आला. मताचा हक्क आधी मिळाला, जागेचा तब्बल तीन दशकांनी.

म्हणून कुठलाही प्रकल्प 'रोजगार देतो' असे कोणी सांगितले, तर चार प्रश्न विचारा. सातबारा कोणाच्या नावावर? नफा कुठे जाणार? बांधकाम संपल्यावर काम कोणाला? आणि मंदी आली तर पहिला फटका कोणाला? उत्तरे मिळेपर्यंत टाळ्या राखून ठेवा.