पिण्याचं पाणी आणि बाकीचं पाणी

दर पावसाळ्यात मुंबईच्या वर्तमानपत्रांत एक बातमी ठरलेली असते: सात तलावांत किती पाणी साठलं. अप्पर वैतरणा, मोडकसागर, तानसा, मध्य वैतरणा, भातसा, विहार आणि तुळशी. यांतले विहार आणि तुळशी तेवढे शहराच्या हद्दीत आहेत, आणि एकूण साठ्यात दोघांचा मिळून वाटा जेमतेम अडीच टक्के. बाकी सगळं पाणी लांबून येतं. शहराच्या पाण्याचा इतिहास म्हणजे या धरणांचा इतिहास, असंच आपण वाचत आलो. मला त्याची दुसरी बाजू पाहावीशी वाटते. लांबचं पाणी आल्यावर जवळच्या पाण्याचं काय झालं?

नळ येण्याआधी मुंबई विहिरींवर आणि तळ्यांवर जगत होती. धोबी तलाव, गोवालिया टँक, सी. पी. टँक ही आज नुसती पत्त्यातली नावं आहेत, पण तिथे खरोखरच पाणी होतं. पाऊस कमी झाला की ते आटायचं. 1845च्या टंचाईत रहिवाशांनी आवाज उठवला, सरकारने समिती नेमली आणि शेवटी साष्टीतल्या मिठी नदीच्या खोऱ्यात धरण बांधायचं ठरलं. हेन्री कॉनिबेअर या इंजिनिअरच्या योजनेनुसार 1856 साली काम सुरू झालं आणि 1860 साली विहारचं पाणी शहरात नळाने आलं. पुढे 1879 मध्ये तुळशी आणि 1892 मध्ये तानसा. तहान वाढली तशी नळाची लांबीही वाढत गेली.

जुन्या विहिरींबद्दल हळवं व्हायचं कारण नाही. दाट वस्तीतलं ते पाणी दूषित व्हायचं, त्यातून पटकी पसरायची. शिवाय ते सगळ्यांचं नव्हतंच. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करावेत, असा ठराव सीताराम केशव बोले यांना 1923 साली मुंबई कायदेमंडळात मांडावा लागला. महाडचा 1927चा सत्याग्रह त्याच्याच पुढचा. नळाने अनेकांचे जीव वाचवले, हे मान्य करूनच पुढे जायला हवं.

पण नळ आला आणि विहिरींकडे बघायची नजर बदलली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मुंबईत मलेरिया वाढला. चार्ल्स बेंटली यांनी तपास करून 1911 साली अहवाल दिला: ॲनोफिलिस स्टिफेन्साय हा डास शहरातल्या विहिरींत आणि टाक्यांत वाढतो आहे. शास्त्र बरोबर होतं. त्यानंतर विहिरी बुजवायची, झाकायची मोहीम निघाली. पूजेअर्चेला विहिरीचंच पाणी लागतं म्हणून विरोध झाला. त्यात पारशी पुढे होते. चर्चगेटजवळची 1725 सालची भिखा बेहराम विहीर आजही जपलेली आहे, कारण तिच्या पाण्याची कुणाला तरी रोज गरज आहे. ज्यांची गरज उरली नव्हती, त्या गेल्या.

पवईची गोष्ट याहून सरळ आहे. हा तलाव 1891 साली पिण्याच्या पाण्यासाठीच बांधला. पाणी पिण्याजोगं नाही असं ठरलं आणि तो पुरवठ्यातून बाद झाला. त्यानंतर त्यात सांडपाणी येत राहिलं, जलपर्णी पसरली. काठावर आयआयटी उभी राहिली, उंच इमारती आल्या. तलावाकडे तोंड असलेलं घर महाग विकलं जातं, पण ते पाणी ओंजळीत घ्यायची कुणाची हिंमत नाही.

आणि मिठी. विहार आणि पवईच्या सांडव्यांवरून निघालेलं पाणी घेऊन ती साधारण अठरा किलोमीटर वाहते आणि माहीमच्या खाडीला मिळते. वाटेत कारखाने, भंगाराची गोदामं, नाले. विमानतळाची धावपट्टी थेट तिच्यावरून गेली आहे. माझं ऑफिस असलेलं वांद्रे-कुर्ला संकुल तिच्याच खाडीकाठच्या दलदलीत भराव घालून उभं राहिलं. 26 जुलै 2005ला सांताक्रूझला चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा अनेक मुंबईकरांना पहिल्यांदा कळलं की हा नाला नाही, नदी आहे.

मला खरं अस्वस्थ करतं ते याच नदीचं वरचं टोक. विहारचं पाणी आजही मुंबईकर पितात. तलावाचं पाणलोट क्षेत्र जंगलात आहे, राष्ट्रीय उद्यानाने राखलेलं आहे, तिथे कुणी कारखाना टाकू शकत नाही. धरणाच्या भिंतीच्या खाली मात्र त्याच डोंगराचं, त्याच पावसाचं पाणी काही किलोमीटरांत काळं होतं. म्हणजे पाणी स्वच्छ कसं ठेवायचं हे आपल्याला 1860 पासून माहीत आहे. फरक एवढाच, की भिंतीच्या वरचं पाणी आपण पितो आणि खालचं पीत नाही.

सॉफ्टवेअरमध्ये आम्ही हे रोज बघतो. जो भाग लोक वापरतात त्यात बिघाड झाला की तासाभरात फोन येतो. ज्याला वापरणारंच कुणी नाही, तो कोड वर्षानुवर्षं कुजत पडतो.

म्हणून मला मिठीच्या सुशोभीकरणाचं, काठावरच्या भिंती आणि बागांचं फारसं कौतुक वाटत नाही. गाळ काढला तरी तो पुन्हा येणारच, कारण नदी घाण झाली म्हणून कुणाच्याच नळाला काही होत नाही. तिकडे तानसा, भातसा ज्या शहापूर तालुक्यात आहेत, तिथल्या कित्येक पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर जातो. आपण जवळचं पाणी घालवलं त्याची किंमत ते मोजत आहेत. सांडपाणी शुद्ध करून पुन्हा वापरणं, विहिरी उपसून वापरात आणणं, हे उपाय नवे नाहीत. पण ते तेव्हाच टिकतील, जेव्हा त्या पाण्यावर शहराचं काही तरी अडलेलं असेल: बाग, कारखाना, संडासची टाकी, काहीही. मिठी पुन्हा पिण्याजोगी होईल असं मी म्हणत नाही. ती पुन्हा कुणाला तरी लागली पाहिजे, एवढंच.