हेलची वही आणि खोडलेले सेकंद

मागच्या व्याख्यानानंतर एक संशोधक विद्यार्थिनी मला भेटली. तिने एक ऑनलाइन प्रयोग केला होता. पडद्यावर खूण दिसली की बटण दाबायचं, एवढंच काम. गोळा झालेल्या माहितीत काही लोकांनी प्रयोग सकाळी ११ वाजून १० मिनिटांनी सुरू केलेला दिसत होता आणि संपवलेला ५ वाजून ५२ मिनिटांनी, तोही सकाळीच! शिवाय काहींच्या नोंदी दोनदा आलेल्या. तिला विचारायचं होतं, की या नोंदी काढून टाकू का?

माझा विषय इतिहास, संगणक नव्हे. पण मी तिला म्हटलं, थांब, आधी मॅक्सिमिलियन हेलची गोष्ट ऐक. तीच आज तुम्हाला सांगतो.

३ जून १७६९. शुक्र सूर्यबिंबावरून सरकणार होता. हे अधिक्रमण पृथ्वीवर दूरदूरच्या ठिकाणांहून मोजलं, की सूर्याचं अंतर काढता येतं. ताहितीला कूक गेला होता. आपल्याकडे पाँडिचेरीला ल जांतील नावाचा फ्रेंच ज्योतिर्विद वाट बघत बसला होता, आणि ऐन वेळी ढग आले. हेल हा व्हिएन्नाच्या वेधशाळेचा प्रमुख, जेझुइट पाद्री. डेन्मार्कच्या राजाच्या निमंत्रणावरून तो नॉर्वेच्या अगदी उत्तर टोकाला, वार्डो बेटावर गेला. तिथे जूनमध्ये सूर्य मावळत नाही, त्यामुळे रात्री नऊच्या सुमारास सुरू झालेलं अधिक्रमण पहाटे संपेपर्यंत दिसणार होतं.

आता नोंदींचा घोळ बघा. वार्डोचं घड्याळ वार्डोच्या सूर्यावर लावलेलं, ताहितीचं ताहितीच्या. जगाची म्हणून एक वेळ तेव्हा नव्हतीच. त्यात ज्योतिर्विदांचा दिवस दुपारी बारापासून सुरू व्हायचा (ही पद्धत १९२५ पर्यंत चालली). म्हणून ४ जूनची पहाट त्यांच्या वहीत ३ जूनचे पंधरा तास होऊन बसते. माहीत नसेल तर हीसुद्धा चूकच वाटेल.

पण हॅलीने आधीच सुचवलेली एक युक्ती होती. शुक्र आत शिरला ती वेळ आणि बाहेर पडला ती वेळ, दोन्ही एकाच घड्याळावर घ्यायच्या आणि वजाबाकी करायची. घड्याळ चुकीचं लावलेलं असलं तरी हरकत नाही, ते एकसारखं चाललं पाहिजे. त्या मुलीच्या फाइलमध्ये नेमकं हेच बिघडलं होतं. सुरुवातीची वेळ माणसाच्या फोनवरून, भारतीय वेळेत आलेली. शेवटची सर्व्हरवरून, यूटीसीत. साडेपाच तास मिळवले, की ५:५२ चे ११:२२ होतात. बारा मिनिटांचा प्रयोग, ठीक बसतो. आणि बटण दाबायला लागलेले मिलिसेकंद? ते आरंभ आणि शेवट दोन्ही एकाच फोनच्या घड्याळावर मोजलेले होते, म्हणून त्यांना धक्काच लागला नव्हता. ती तेच काढून टाकायला निघाली होती.

दुहेरी नोंदींचंही तसंच. वार्डोला तिघे जण दुर्बिणीला डोळा लावून होते: हेल, त्याचा सोबती शायनोविच आणि बोर्कग्रेविंक नावाचा एक नॉर्वेजियन. एकाच क्षणाच्या तीन वेगळ्या वेळा! ताहितीलाही कूक आणि ग्रीन यांच्या वेळा जुळल्या नाहीत. कारण असं, की शुक्र सूर्याच्या कडेपासून सुटताना मध्ये काळा थेंब ओढल्यासारखा दिसतो, आणि सुटला कधी म्हणायचं हे ज्याचं त्यानं ठरवायचं. या तीन नोंदी म्हणजे नकला नव्हेत, तीन साक्षी आहेत. फाइलमध्ये मात्र दोन्ही प्रकार होते. दोन सेकंदांच्या अंतराने आलेल्या दोन ओळी, सगळी उत्तरं मिलिसेकंदापर्यंत तीच: नेट अडलं आणि तीच माहिती पुन्हा पाठवली गेली. ही नक्कल, एक ओळ पुरे. पण वीस मिनिटांनी आलेली, वेगळ्या उत्तरांची ओळ म्हणजे माणूस पुन्हा बसला होता. त्याची पहिली खेप धरायची, आणि तसं लिहून ठेवायचं.

आता हेलकडे. निकाल छापायला त्याने १७७० उजाडवलं. पॅरिसला लालांदसारखी मंडळी आकड्यांसाठी ताटकळली होती, त्यामुळे कुजबुज सुरू झाली: दुसऱ्यांचे आकडे बघून हा आपले बसवतोय! हेल १७९२ मध्ये वारला. पुढे व्हिएन्नाच्या वेधशाळेतल्या तरुण लिट्रोला त्याची मूळ वही सापडली. १८३५ मध्ये त्याने जाहीर केलं, की महत्त्वाच्या ठिकाणी आकडे खरवडून वेगळ्या शाईने पुन्हा लिहिले आहेत. झालं, हेल खोटारडा ठरला. पुढची जवळजवळ पन्नास वर्षं.

१८८३ मध्ये अमेरिकन ज्योतिर्विद सायमन न्यूकम व्हिएन्नाला नवी मोठी दुर्बीण बघायला आला. हवा खराब, तारे दिसेनात. वेळ घालवायला त्याने ती वही मागवली. (इतिहासातली कितीतरी चांगली कामं अशीच, पावसामुळे झालेली आहेत.) तो एकेक खाडाखोड बघत गेला. लिट्रो जिला वेगळी शाई म्हणतो ती तर तीच दिसतेय. काही ठिकाणी आकडा ओला असतानाच पुन्हा गिरवलेला. त्याला शंका आली. त्याने वेधशाळेचे प्रमुख वाइस यांना विचारलं, लिट्रोला रंग नीट कळत होते का? उत्तर मिळालं, की लिट्रो रंगांध होता. रोहिणीची तांबूस चांदणी आणि पांढरीशुभ्र चांदणी यांतला फरकही त्याला कळत नसे.

मुख्य आकडे बनावट नव्हते, असा निर्वाळा न्यूकमने दिला. लिट्रो १८७७ मध्येच गेला होता, त्याला विचारायची सोय नव्हती. पण हेलने चुकलेला आकडा खोडून त्याच पानावर वर दुसरा लिहिला होता, पान फाडलं नव्हतं. म्हणून एकशे चौदा वर्षांनी तपासायला काहीतरी शिल्लक होतं.

त्या मुलीने आता मूळ फाइल बाजूला ठेवली आहे. दुसऱ्या प्रतीत तिने आणखी एक रकाना घातलाय: कोणती ओळ का वगळली. चाळीसेक ओळी वगळायला निघाली होती, शेवटी सहाच वगळल्या.

प्रश्न असतील तर घेऊ या.